बंब म्हणजे पंप

मराठीत 'बंब' हा शब्द आपण दोन वस्तूंसाठी वापरतो. एक म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब, आणि दुसरा घंटा वाजवत धावणारा आगीचा बंब. एकात आग पेटवायची, दुसऱ्यानं ती विझवायची! एकाच शब्दाच्या वाट्याला अशी उलटसुलट कामं कशी काय आली?

उत्तर पोर्तुगीजांकडे आहे. पगार, पाव, चावी, बटाटा या शब्दांसारखाच हाही त्यांच्याकडून आलेला शब्द. पोर्तुगीज भाषेत 'बाँबा' म्हणजे पंप. त्यामुळे आगीच्या बंबाचं नाव अगदी चोख आहे, कारण त्यात खरोखरच पंप असतो. गंमत आहे ती न्हाणीघरातल्या बंबाची. नाव पंपाचं, पण आत पंपाचा पत्ता नाही.

ज्यांनी बंब फक्त अँटिकच्या दुकानात किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षात पाहिला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तांब्याचा उभा पिंप, त्याच्या मधोमध वर जाणारं धुरांडं, खाली जाळी आणि राख पडायला जागा. धुरांड्याच्या भोवती पाणी. जुन्या घडणीच्या बऱ्याच बंबांत गार पाणी ओतायच्या नरसाळ्याची नळी पार तळापर्यंत नेलेली असते आणि तोटी असते वरच्या अंगाला. गरम पाणी हलकं, म्हणून ते वर गोळा होतं. गार पाणी जड, म्हणून ते खाली बसतं. तुम्ही एक तांब्या गार पाणी ओतलं की तोटीतून एक तांब्या कढत पाणी बाहेर पडतं. वीज नाही, चक्र नाही, फिरणारा एकही भाग नाही. आणि नरसाळं कायम उघडं! या उघड्या नरसाळ्याकडे नंतर पुन्हा येऊ, कारण सगळा जीव त्यातच आहे.

एवढं बंबपुराण सांगायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. संगमनेर तालुक्यात त्याचं कोंबड्यांचं शेड आहे. एका दिवसाची पिल्लं येतात तेव्हा त्यांना स्वतःची ऊब नसते. पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ 33-34 अंश तापमान ठेवावं लागतं, मग दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवत न्यायचं. नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर म्हणायचं) डिसेंबर-जानेवारीची रात्र ज्यांनी उघड्या माळावर काढली आहे त्यांना हे काम किती अवघड ते कळेल. आजवर तो शेडमध्येच कोळशाच्या बुखाऱ्या पेटवायचा. त्यात धूर, कोंडणारा कार्बन मोनॉक्साइड, खाली अंथरलेल्या तुसाला आग लागायची भीती, आणि रात्रभर जागणारा एक माणूस. म्हणून त्यानं ठरवलं की भट्टी शेडबाहेर बांधायची, तिच्यात वेड्या बाभळीचं जळण घालायचं आणि गरम पाण्याचे नळ शेडमधून फिरवायचे. मला त्यानं विचारलं ते एवढंच, "पंप कुठला घेऊ आणि कुठं बसवू?"

प्रश्न साधा, पण मी त्याच्या मागे लागलो आणि तीन-चार विकांत इतिहासात गेले. कारण मला पडलेला प्रश्न वेगळा होता. पंप मुळात लागतो कशाला? आणि पहाटे तीन वाजता वीज गेली तर?

आग बाहेर, ऊब आत

आग घराबाहेर ठेवून ऊब तेवढी आत घ्यायची ही कल्पना फार जुनी आहे. रोमन लोकांनी स्नानगृहांच्या जमिनीखालून भट्टीची गरम हवा खेळवली. आपल्याकडे हमाम आले ते पश्चिम आशियातून. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमामाची इमारत आजही पाहायला मिळते. नगरच्या निजामशाहीनं हा किल्ला 1499 मध्ये घेतला आणि 1633 मध्ये तो मोगलांकडे गेला. हमामाची सर्वसाधारण रचना अशी असते की भट्टी भिंतीपलीकडे, तिच्यावर पाण्याचा हौद, आणि हौदातून भाजक्या मातीच्या नळांनी पाणी स्नानाच्या दालनात. राख आणि धूर नोकरांकडे, कढत पाणी मालकांकडे.

नळांच्या बाबतीत निजामशाहीला तोड नव्हती. 1490 साली अहमद निजामशहानं वसवलेल्या नगर शहराला कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांच्या शिवारातून खापरी नळांनी पाणी आणलेलं होतं. मैलोन्मैल अंतर, आणि सगळं निव्वळ उतारावर. पंप नाहीच.

पण इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. खापरी नळातलं काय किंवा हमामातलं काय, पाणी एकदाच वरून खाली येतं आणि वाहून जातं. मावसभावाला हवं होतं ते वेगळं. तेच पाणी भट्टीतून शेडमध्ये, शेडमधून पुन्हा भट्टीत, असं रात्रभर गोल गोल फिरायला हवं. उतार यात उपयोगाचा नाही, कारण जे खाली गेलं ते परत वर कोण आणणार?

कोंबड्यांमुळेच लागलेला शोध

या कोड्याचं उत्तर ज्यांच्याकडे सापडलं ते पाहून मी अक्षरशः उडालो. फ्रान्समध्ये ज्याँ-सिमाँ बॉनमाँ नावाच्या गृहस्थांनी 1777 च्या सुमारास गरम पाणी नळांतून फिरवून उष्णता पोचवायची यंत्रणा तयार केली. कशासाठी? राजवाड्यासाठी नाही, हॉस्पिटलसाठी नाही. कोंबडीची अंडी उबवण्यासाठी!

बॉनमाँच्या यंत्रणेत पंप नव्हता. खाली बॉयलर, त्यातून वर जाणारा नळ, तिथून अंडी उबवायच्या कप्प्यांतून हळूहळू उतरत परत बॉयलरच्या तळाशी. तापलेलं पाणी हलकं होऊन चढतं, ऊब देऊन गार झालेलं पाणी जड होऊन उतरतं, आणि जोवर आग आहे तोवर हे रहाट चालू राहतं. यालाच आज थर्मोसायफन म्हणतात. त्यावर कडी म्हणजे त्यानं विस्तवाचं नियंत्रणही आपोआप केलं. दोन धातू तापल्यावर कमी-जास्त वाढतात, त्या फरकावर भट्टीत जाणाऱ्या हवेची झडप उघडायची किंवा मिटायची. पाणी जास्त तापलं की हवा कमी. म्हणजे थर्मोस्टॅटच की!

मग जग या रहाटावरच थांबलं का नाही? कारण त्याची ताकद फारच थोडी. हिशोब सोपा आहे. 80 अंशांना एक घनमीटर पाण्याचं वजन सुमारे 972 किलो, 60 अंशांना सुमारे 983 किलो. फरक 11 किलोंचा. भट्टी आणि शेडमधले नळ यांच्या उंचीत दोन मीटरचा फरक धरला तर पाणी ढकलणारा एकूण जोर भरतो सव्वादोन सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतका. बोटाच्या दोन पेरांएवढा! घरगुती छोटा सर्क्युलेशन पंप चार-पाच मीटरचा दाब देतो, म्हणजे त्याच्या दोनशेपट.

एवढ्याशा जोरावर पाणी फिरवायचं तर नळ जाड हवेत, वळणं कमी हवीत आणि चढ-उतार काटेकोर हवा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठ्या इमारती आणि काचघरं अशाच जाडजूड नळांनी तापवली गेली. पुढे फोर्डच्या मॉडेल टी गाडीनंही इंजिन गार करायला हाच रहाट वापरला. 1908 साली निघालेल्या पहिल्या काही गाड्यांत पाण्याचा पंप होता. फोर्डनं लवकरच तो काढून टाकला आणि पुढे कोट्यवधी गाड्या पंपाशिवाय धावल्या. जो भाग बसवलेलाच नाही तो बिघडत नाही, हे तत्त्व आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुणीतरी रोज सकाळी वाचून दाखवायला हवं.

पंप आला तो 1920 च्या दशकाच्या शेवटी. जर्मनीत विल्हेल्म ऑप्लेंडर यांनी नळाच्या कोपऱ्यातच एक छोटा पंखा बसवला आणि बाहेरून मोटरनं फिरवला. त्याचं पेटंट 1929 चं. त्यांनी त्याला नाव दिलं होतं 'फिरण्याला वेग देणारा', आणि ते नाव किती प्रामाणिक आहे पाहा. पाणी फिरत होतंच, यानं फक्त घाई केली. विल्हेल्म ऑप्लेंडरच्या नावातली आद्याक्षरं घेऊन झालेली 'विलो' कंपनी आजही पंप बनवते. पुण्यातल्या मॅथर अँड प्लॅटचा पंपांचा धंदा पुढे तिनंच घेतला.

त्याच सुमारास, म्हणजे 1926 मध्ये, आपल्या किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. पण तो होता विहिरीतलं पाणी उपसायला. आपल्या डोक्यात 'पंप' म्हटलं की तोच येतो, विहिरीवरचा, पाच हॉर्सपॉवरचा. मावसभाऊही आधी तेच म्हणाला, "विहिरीवरची जुनी मोटर पडून आहे, तीच लावू का?" त्याला मी जत्रेतल्या पाळण्याचं उदाहरण दिलं. विहिरीचा पंप पोतं खांद्यावर घेऊन माडी चढतो. फिरत्या पाण्याचा पंप मात्र जत्रेतला पाळणा फिरवतो. एका बाजूनं जेवढी माणसं वर जातात तेवढीच दुसऱ्या बाजूनं खाली येतात, त्यामुळे वजन उचलावंच लागत नाही. फक्त घर्षणाशी भांडायचं. म्हणून तिथे पाच हॉर्सपॉवर नाही, साधारण 80 वॉट पुरतात. एका बऱ्यापैकी पंख्याएवढे.

नगर जिल्ह्यातले दोन मोठे बंब

म्हणजे ही पंपाशिवायची विद्या बॉनमाँबरोबर संपली असं वाटेल. पण ती नगर जिल्ह्यात आजही मोठ्या प्रमाणावर चालू आहे, फक्त आपण तिकडे त्या नजरेनं पाहत नाही.

पहिलं उदाहरण साखर कारखान्यांचं. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग जिल्हाभर धुराडी उभी राहिली. कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचा चोथा जळतो. वर एक ड्रम असतो, त्यातून खाली उतरणारे आणि आगीतून वर चढणारे असे नळ. खाली उतरणाऱ्या नळांत नुसतं पाणी, जड. आगीतल्या नळांत पाणी आणि वाफेचे बुडबुडे, हलके. बस्स, तेवढ्या फरकावर पाणी फिरत राहतं. बाहेरून पाणी भरायला पंप असतो, तो लागतोच. पण आतलं फिरणं आपोआप होतं. शंभर किलोंच्या दाबाच्या आधुनिक बॉयलरमध्येसुद्धा!

दुसरं उदाहरण शिर्डीचं. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 30 जुलै 2009 रोजी सौर वाफेची यंत्रणा सुरू झाली. प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 अंतर्वक्र तबकड्या, म्हणजे एकूण 1168 चौरस मीटर आरसा. दिवसाला सुमारे 3500 किलो वाफ आणि वर्षाला सुमारे एक लाख किलो गॅसची बचत असा तिचा आराखडा होता. (मला आकड्यांवर चटकन विश्वास ठेवायची सवय नाही, म्हणून ताडून पाहिलं. वर्षाला एक लाख किलो म्हणजे दिवसाला 274 किलो गॅस. शेगडीत त्यातली सत्तर टक्के उष्णता कामी येते असं धरलं तर ती बरोबर साडेतीन टन वाफेएवढीच भरते. म्हणजे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत!) तबकड्या सूर्याचं ऊन एका छोट्या पेटीवर एकवटतात. पेटीतलं पाणी तापून वरच्या मोठ्या नळात चढतं आणि तुलनेनं गार पाणी दुसऱ्या नळानं खाली येतं. हे पाणी फिरवायला पंप नाही. वीज गेली तरी वाफ तयार होत राहावी, असाच विचार त्यामागे होता.

साखर कारखान्यात आणि शिर्डीत पैसा कमी होता म्हणून पंप टाळला असं नाही. आग चालू असताना पाणी थांबलं तर नळ जळतात. ऊन तर बटण दाबून बंदही करता येत नाही. जिथे उष्णता चटकन थांबवता येत नाही, तिथे ती वाहून नेणारं पाणीही कुणाच्या मर्जीवर अवलंबून असू नये. तीन-चार विकांतांच्या वाचनातून मला मिळालेलं सार एवढंच.

लाकडाची भट्टी याच जातीची आहे. गॅस बंद करता येतो, हीटर बंद करता येतो. पेटलेला बाभळीचा ओंडका बंद करता येत नाही.

मग पंप बसवला का?

बसवला. पण रहाट जिवंत ठेवून.

अमेरिकेत थंड प्रदेशातल्या फार्महाउसमध्ये अशा घराबाहेरच्या लाकडी भट्ट्या सर्रास असतात. तिथे भट्टी घराच्याच पातळीवर, लांब अंगणात. बारीक नळ जमिनीत गाडलेले, आणि सगळा भार पंपावर. संगमनेरला ती नक्कल करायची गरज नव्हती, कारण मावसभावाचं शेड उतारावर आहे. त्याला भट्टी वरच्या बाजूला, रस्त्यालगत हवी होती. लाकडाची ट्रॉली तिथेच रिकामी होते, सोयीचं पडतं. मी म्हणालो, खालच्या कोपऱ्यात घे, शेडच्या जमिनीपेक्षा दीड-दोन मीटर खाली. लाकूड तिथवर न्यायला रोज चार फेऱ्या जास्त. यावर आमचं बरंच वाजलं. शेवटी मावशीनं निकाल दिला, "लाकडं दिवसा उचलायची आहेत, पिल्लं रात्री मरतात. खालीच बांधा."

दुसरा वाद नळांचा. एक इंची नळ स्वस्त, दोन इंची महाग. माझ्या ढोबळ हिशोबानं, साठेक मीटरच्या फेऱ्यात नुसत्या रहाटावर दोन इंची नळ पंधरा किलोवॉटच्या आसपास उष्णता नेतो, तर एक इंची जेमतेम सव्वादोन. पंप चालू असताना दोघांत फार फरक दिसला नसता. फरक दिसणार तो फक्त वीज गेल्यावर. दोन इंची घेतला.

पंप बसवला भट्टीकडे परत येणाऱ्या नळावर, अगदी खालच्या पातळीला. परतीचं पाणी त्यातल्या त्यात गार असतं आणि वर पाण्याचा पुरेसा दाब असतो. उकळायच्या बेतातलं पाणी पंपानं ओढलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पंप नुसता घरघरतो आणि पातं खराब होतं. पंपाचा दांडा आडवा ठेवला, कारण या छोट्या पंपांच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, आणि दांडा उभा राहिला तर वरच्या टोकाला हवा अडकते. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पंप काढायचा झाला तर सगळं पाणी सोडावं लागत नाही. अलीकडे एक गाळणी. पंपाचं अंग साध्या बिडाचं न घेता स्टेनलेस स्टीलचं, कारण वरची टाकी उघडी आहे आणि पाण्यात हवा मिसळत राहते.

मग सगळ्यात महत्त्वाचा भाग. पंपाला बगल देणारा एक जाड नळ आणि त्यात हलक्या पाकळीची एकेरी झडप. पंप चालू असला की त्याच्या दाबानं पाकळी मिटते. पंप थांबला की पाणी आपल्या वजनानं ती उघडतं आणि बॉनमाँचा रहाट सुरू होतो. माणूस लागत नाही, सेन्सर लागत नाही.

आणि बंबाचं ते उघडं नरसाळं? तेही घेतलं. भट्टीच्या डोक्यावरून एक नळ सरळ पत्र्याच्या वरच्या उघड्या टाकीत गेला आहे. त्या नळावर एकही व्हॉल्व्ह नाही, आणि कधीही बसवायचा नाही असं रंगानं भिंतीवर लिहून ठेवलंय. पाणी उकळलं तर वाफ तिथून निघून जाईल. पोर्तुगीजमध्ये 'बाँबा'चा पंपाशिवाय आणखी एक अर्थ आहे, बॉम्ब. तोंड बंद केलेल्या पाण्याखाली आग लावली तर दुसरा अर्थ खरा व्हायला वेळ लागत नाही.

बॅटरीचाही विचार झाला. 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवरची बॅटरी आणि इन्व्हर्टरवर 80 वॉटचा पंप बाराएक तास चालतो. ती पुढे घेऊही. पण बॅटरी म्हातारी होते, आणि ती म्हातारी झालेली कळते नेमकी गरजेच्या रात्री. जड पाणी खाली जाणं कधी म्हातारं होत नाही.

2023 च्या डिसेंबरात पहिली खेप आली. एका रात्री तार तुटली आणि साडेचार तास वीज नव्हती. शेडचं तापमान चार अंशांनी उतरलं आणि तिथेच थांबलं. पिल्लं एकमेकांना चिकटून नळांजवळ बसली होती. भट्टीतलं पाणी उकळलं नाही.

तेव्हा तुमच्या फार्महाउसवर, होस्टेलवर किंवा शेडवर असं काही करायचा बेत असेल, तर पंपाचं मॉडेल शेवटी निवडा. आधी जागेवर उभे राहून बघा की उतार कुठल्या बाजूला आहे. मग भट्टी खाली, टाकी वर, नळ जाड आणि टाकीकडे जाणारी वाट कायम उघडी. एवढं झालं की पंप कुठलाही चांगला लावा. तो असेपर्यंत काम झपाट्यानं होईल, आणि नसेल तेव्हा सावकाश. पण होईल.